आण्णांचं नाक

घरात उंदीर मेलाय, असं महेंद्रने फोनवर सांगितलं होतं. त्यामुळे शनिवारी दुपारी नगरहून एसटीने गावी पोचले, तेव्हा अर्धं घर अंगणात आलेलं बघून मला नवल वाटलं नाही. ज्वारीची पोती, गोधड्या, पत्र्याच्या पेट्या, सगळं उन्हात मांडलेलं. महेंद्र, माझा धाकटा भाऊ, धान्याच्या कोठीत काठी घालून ढोसत होता. त्याची बायको रेश्मा पदराने नाक दाबून फिनेलच्या पाण्याने फरशी पुसत होती. फिनेलने काही होत नव्हतं. वास उंबऱ्यापर्यंत येत होता.

वासाबद्दल मला कुणी शिकवू नये. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माणसांच्या अंगातून कापून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात माझा दिवस जातो आणि त्याच खोलीत बसून मी दुपारचा डबाही खाते. मेलेला उंदीर एका जागी पडून वास मारतो. हा वास घरात हिंडत होता. माजघरात एकदम अंगावर आला, मग विरला, मग मोरीकडून आला. आई जिकडे जात होती तिकडून तो येत होता. पुण्याला एम.डी. करताना तोंडाच्या कॅन्सरच्या वॉर्डात मी रोज सकाळी हाच वास घेतलेला आहे.

मला किळस आली. ती आईची आली हे लक्षात आल्यावर मला स्वतःच्या पोटाचा संताप आला, पण किळस काही कमी झाली नाही.

"सापडला का?" मी महेंद्रला विचारलं.

"न्हाई ना ताई. माळ्यावर बघितलं, कोठीत बघितलं. कुठं जाऊन मेलाय काय म्हाईत."

हे बोलताना तो कोठीत बघत होता. रेश्मा फरशीकडे बघत होती. मी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले आणि मला कळून चुकलं की दोघांनाही ठाऊक आहे. उंदीर वगैरे काही नाही हे ठाऊक असूनच त्यांनी पोती बाहेर काढली होती. आईच्या तोंडाला वास येतो हे तोंडाने म्हणायला नको, म्हणून दोघं तरणीताठी माणसं सकाळपासून उंदीर शोधायचं सोंग करत होती. आणि सोंगही कसं, तर घामाघूम होऊन.

मोरीजवळच्या कोनाड्यात एक स्टीलचा पेला पालथा घातलेला दिसला. त्याच्या गळ्याला लाल दोरा बांधला होता.

"हा कुणाचा?"

"आत्याबाईंचा," रेश्मा म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणते. "मी न्हाई केलं ताई, शप्पत. त्यांनीच दोरा बांधला. म्हनल्या, माजं येगळं ऱ्हाऊ दे."

"आणि तू राहू दिलंस."

रेश्मा पुन्हा फरशी पुसायला लागली. माझं डोकं सणकलं. आमच्या आजोबांना, आईच्या वडलांना, बाजारच्या गावी हॉटेलात चहा मिळायचा तो बाहेर खिळ्याला टांगलेल्या कपात. प्यायचा, आपला आपण विसळायचा आणि परत टांगायचा. आईने हे लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आमच्या माणसांनी त्या हॉटेलाची पायरी सोडली. आणि आता त्याच बाईने स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने आपला पेला वेगळा ठेवला होता, आणि घरातल्या कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मला त्या क्षणी वासापेक्षा त्या दोऱ्याची जास्त शिसारी आली. मी तो नखाने तोडला आणि चुलीत टाकला.

"ह्या येड्यास्नी सांग गं, प्रज्ञा," पडवीतून आण्णांचा आवाज आला. "सकाळधरनं घर उचकटत्यात. घरात काय बी वास न्हाई."

आण्णा, म्हणजे आमचे वडील, पडवीत खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. त्यांना पार्किन्सन होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. उजवा हात मांडीवर सारखा थरथरायचा, अंगठा आणि बोटं विडी वळल्यासारखी हलत राहायची, आणि चेहरा असा की हसू आलं तरी ते वर यायला वेळ लागायचा. त्यांच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून, आई बसली होती. तोंडावर पदर. तो वास तिथे इतका दाट होता की मी तोंडाने श्वास घ्यायला लागले.

"बग," आई पदराआडून म्हणाली, "हे काय म्हनत्यात ऐक. ह्यांच्या नाकाला न्हाई येत आन् पोरांच्या नाकाला येतोय."

तिचं हे बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, कारण आण्णांचं नाक ही आमच्या घरची मिळकत होती. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या गोठ्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. तिथे जनावरांसाठी मुरघास करतात. हिरवा मका बारीक कापून खड्ड्यात दाबून भरायचा, वरून हवाबंद झाकायचा आणि मुरला की उन्हाळ्यात खड्डा फोडायचा. खड्डा फुटला की आधी आण्णांना बोलावणं यायचं. ते मूठभर मुरघास उचलत, नाकाशी धरत आणि "घाला" नाहीतर "फेका" एवढंच म्हणत. "फेका" म्हटल्यावर पुन्हा कुणी विचारायचं नाही. आईला या नाकाचा कोण अभिमान! दूध लागलं की नाही, खोबरं खवट आहे की नाही, शेजारचा गहिनीनाथ पिऊन आलाय की नाही, सगळा निकाल आण्णांच्या नाकाकडे.

"आई, तोंड बघू दे," मी म्हणाले.

"काय बघायचंय? दाढ किडलीय. मिसरी लावली की बरं वाटतं."

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू. तिची पूड करून दात घासायचे. आई न्हातीधुती झाल्यापासून सकाळी आणि दुपारी, आणि हल्ली मनात येईल तेव्हा, बोट बुडवून बसायची. गल्लीतल्या बायका ओट्यावर उकिडव्या बसून मिश्री लावायच्या आणि अंगणभर काळं थुंकत राहायच्या. मला लहानपणापासून त्या थुंकीची घाण वाटते. डॉक्टर झाल्यावर मी तिची डबी दोनदा उकिरड्यात फेकली होती. दोन्ही वेळा तिने नवी भाजली. आताही डबी खाटेवर, तिच्या मांडीला लागून होती.

"दाढ किडलीय तर दाढच बघते."

"तू सुरी घिऊनच बसलेली असतीस. मला भीमाबाई न्हाई व्हायचं."

भीमाबाई आमच्या गल्लीतली. तोंडाच्या कॅन्सरमुळे तिचा अर्धा जबडा पुण्याला काढला होता. परत आली तेव्हा गाल आत गेलेला, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. ती पुढे बरीच वर्षं जगली, पण कुणी तिच्या हातची भाकरी खाल्ली नाही. नातवंडं तिला बघून पळायची. लग्नाकार्यात तिला मागच्या खोलीत ताट जायचं. ही सगळी चांगली माणसं, बुद्धवंदनेला पहिल्या रांगेत बसणारी. आईला आजाराची भीती नव्हतीच. लोक आपल्याकडे बघून तोंड फिरवतील याची होती. ते फिरवायला लागले होते, हे मात्र ती स्वतःशी कबूल करत नव्हती.

शेवटी आण्णा म्हणाले, "दाव की. पोटच्या पोरीला काय लाजायचं?" तेव्हा तिने पदर बाजूला केला.

तोंड उघडत नव्हतं. दोन बोटंही आत जाईनात. मी टॉर्च लावला. डाव्या गालाच्या आतून खालच्या हिरडीपर्यंत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं मांस उगवलेलं होतं, कडा कडक आणि मधोमध खड्डा. खड्ड्यात राखाडी लगदा, आणि त्या लगद्यात बाईने मिश्री दाबून भरलेली होती. काळ्या पुडीच्या कडेने पिवळं पाणी झिरपत होतं. मी डॉक्टर आहे, तरी मला उमासा आला. मी तो गिळला. गळ्याला हात लावला तर जबड्याखाली एक गाठ लागली, लहान, अजून हलणारी. हलत होती एवढंच चांगलं. याचा अर्थ वेळ होता, पण रेंगाळायला नव्हता.

मी अंगणात आले आणि महेंद्रला कोठीपासून ओढून बाजूला घेतलं.

"उंदीर शोधतोस? मेलेलं शोधतोस होय? घरात मेलेलं काही नाही. मरायला पाहिजे ते मरत नाहीये, त्याचा वास आहे हा!"

तो ज्वारीच्या पोत्यावर बसला. त्याला मी काय बोलत होते ते कळलं नसणार. एम.डी.ला मी याच विषयावर वर्षं घालवली होती, तोंडाच्या कॅन्सरचे तुकडे रंगवून, त्यात कोणतं प्रथिन आहे आणि कोणतं नाही ते बघत. प्रत्येक पेशीच्या आत तिच्या मरणाची सोय आधीच करून ठेवलेली असते. पेशी दुरुस्तीपलीकडे बिघडली की पी-५३ नावाचं एक प्रथिन तिला मरायचा हुकूम देतं. मग दुसरी प्रथिनं तिला आतून कातरतात, शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकतात, आणि जागेवर डागही उरत नाही. पू नाही, सूज नाही, वास नाही. आपल्या अंगात हे सारखं चालू असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. इतकं स्वच्छ मरण मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

तंबाखू तो हुकूम देणाऱ्यालाच मोडते. काही गाठींत तर बीसीएल-टू नावाचं, मरण अडवून धरणारं प्रथिन शेफारलेलं असतं. मग जिने मरायला हवं ती पेशी मरत नाही. ती वाढते, तिच्या पोरीबाळी वाढतात, इतक्या की सगळ्यांना रक्त पुरत नाही, आणि मग मधल्यामधल्या पेशी उपासमारीने फुटून सडतात. स्लाइडवर हे मी निर्विकारपणे बघत असे. जांभळ्या-तपकिरी रंगात ते दिसतंही देखणं. त्या देखणेपणाची मला त्या दुपारी मनापासून घृणा वाटली. कारण स्लाइडला वास नसतो आणि तिच्यात मिश्री भरलेली नसते.

"कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"संशय हुता," महेंद्र म्हणाला. "पर आईला कसं म्हनायचं, तुज्या तोंडाला घान येती म्हनून? तूच सांग."

"नाही म्हणायचं. वेगळा पेला राहू द्यायचा."

तो रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. त्याच्या रडण्याचीही मला किळसच आली, खरं सांगायचं तर.

आत जाऊन मी आईला सरळ सांगितलं. कॅन्सर आहे, तुकडा काढून तपासावा लागेल, ऑपरेशन लागेल, उद्याच नगरला निघायचं. गाठ हलतेय तोवर जाण्यात अर्थ आहे. ती एकदा चिकटून बसली की मग कुणी हात लावणार नाही.

आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तू म्हनतीस तसं आसतं तर वास आला आसता."

"येतोय ना आई! घरभर येतोय!"

"तुमाला येतोय. ह्यांना का येत न्हाई? रोज माज्या शेजारी जेवत्यात. माज्या ताटातलं खात्यात. कॅन्सर झालेल्या बाईशेजारी ह्यांचं नाक गप बसलं आसतं? तुमचीच नाकं लई शानी झालीत." आणि आण्णांच्या आणखी जवळ सरकून बसली. "सांगा तिला."

"न्हाई बा," आण्णा म्हणाले. "मला तर काय बी न्हाई येत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि इतका उशिरा पडल्याबद्दल मी स्वतःला शिवी हासडली. आण्णांच्या मेंदूत नेमकं उलटं चाललं होतं. तिथे ज्या पेशींनी जगायला हवं त्या मरत होत्या. त्या का मरतात, त्याच कातरणाऱ्या प्रथिनांनी मरतात की आणखी कशाने, यावर तेव्हा मोठमोठी माणसं भांडत होती. पण एक गोष्ट वाचनात आलेली होती. या आजारात पुष्कळदा हात थरथरायच्या कितीतरी आधी वासाची जाण जाते.

म्हणजे सबंध घरात ज्याला वास येणं शक्यच नव्हतं, त्याच्या साक्षीवर आई जगत होती. ही साक्ष मोडल्याशिवाय ती जागची हलणार नव्हती. आणि मोडायची म्हणजे तिच्यासमोरच मोडायला हवी होती.

"आण्णा, डोळे मिटा," मी म्हणाले.

मी लसूण ठेचून त्यांच्या नाकाशी धरला. ते गप्प. रॉकेलचा बोळा धरला. गप्प. चहाच्या पुडीचा डबा उघडून धरला. "काय आहे?" म्हटलं तर म्हणाले, "सर्दी झालीय थोडी." मिरची किंवा नवसागर-चुना मी मुद्दाम आणला नाही, त्यांचा चटका वेगळ्या नसेने कळतो, नाक मेलं तरी कळतो.

आईचा चेहरा उतरला होता, पण ती हटेना. "लसनीचं काय घिऊन बसलीस! लसून कुनी बी वळखंल. ह्यांचं नाक मुरघासाचं. मुरघास आन आन् मग बोल." आणि महेंद्रला म्हणाली, "जा रे. खड्ड्याचा आन. खराब झाल्याला आन, म्हंजी ही बया गप बसंल."

महेंद्र आता त्याच गोठ्यावर कामाला होता. तो सायकलवर गेला आणि उन्हं कलायच्या आत परत आला. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात पाणी शिरून मुरघास सडला होता, त्यातला त्याने गोणपाटात गुंडाळून आणला. गोणपाट सोडलं आणि रेश्मा तोंड दाबून बाहेर पळाली. काळाकुट्ट, बुळबुळीत, वर पांढरी बुरशी, आणि वास असा की आईच्या तोंडाचा वासही क्षणभर त्याच्यामागे लपला. एखाद्याने घरात असं काही आणावं आणि आपण ते आपल्या बापाच्या नाकाशी धरावं, या प्रकाराचीच मला मळमळ व्हायला लागली. पण मी मूठभर उचललं.

आण्णा डोळे मिटून, पाठ ताठ करून बसले होते. मी मूठ त्यांच्या हातात दिली. हात थरथरत होता, त्यातून लगदा धोतरावर सांडत होता. त्यांनी तो पूर्वीसारखा ऐटीत नाकाशी नेला. मोठ्ठा श्वास घेतला. थोडा वेळ जाऊ दिला, गोठ्यावर साहेबांसमोर देत तसा.

"फसक्लास," ते म्हणाले. "आंबूसगोड. घाला जनावरांना."

त्यांनी डोळे उघडले. मुठीतला काळा चिखल बघितला आणि बराच वेळ बघत राहिले.

"कधीपासून, आण्णा?" मी विचारलं.

"रिटायर व्हायच्या आधीच गेल्तं," ते अगदी हळू म्हणाले. "रंग बघून सांगायचो. हातानं चोळून सांगायचो. कुनाला कळलं न्हाई. आता ह्या हातालाबी कळंना."

"मग वास नाही असं का सांगत होता?"

"मला वाटलं खरंच नसंल. वाटलं, सून उगा नाक मुरडती म्हातारीला बघून. पोरगं तिचंच ऐकतंय. म्हनलं, आपन शेजारी बसायचं. बघू दे सगळ्यांना."

आई उठली. उठली ती सरळ पडवीच्या दुसऱ्या टोकाला, दाराआड जाऊन बसली. पदर तोंडावर इतका घट्ट दाबला होता की तिची बोटं पांढरी पडली होती. इतके महिने खांद्याला खांदा लावून बसलेली बाई आता शक्य तितक्या लांब, भिंतीकडे तोंड करून बसली. मी जवळ गेले तर म्हणाली, "लांब व्हय." आणि मग थोड्या वेळाने, भिंतीलाच सांगितल्यासारखं, "उद्या किती वाजता निघायचं?"

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मला फक्त घाणेरडं वाटत होतं. हाताला मुरघासाचा वास होता, तो साबणाने दोनदा धुऊनही गेला नाही. तिला दवाखान्यात न्यायला मी तिच्याकडचा एकुलता एक धीर तिच्या डोळ्यांदेखत चिखलात घातला होता. दुसरा मार्ग मला तेव्हा सुचला नाही आणि आजही सुचत नाही.

संध्याकाळी ती आण्णांना भरवायला गेली नाही. रोज तीच भरवायची, कारण त्यांच्या हातून घास सांडायचा. रेश्मा ताट घेऊन गेली तर आण्णांनी तोंड मिटून घेतलं. शेवटी महेंद्रने भरवलं. आण्णा सारखे दाराकडे बघत होते. आई खिचडीचं पाणी प्यायली, मोरीजवळ, पाठमोरी बसून.

सकाळी महेंद्रने शेजारच्या सूर्यभानची जीप आणली. आण्णा येणार नव्हते, त्यांना एवढा प्रवास झेपत नाही असं आमचं ठरलं होतं. पण ते धुतलेलं धोतर आणि टोपी घालून आमच्याआधी दारात उभे. महेंद्रने समजावलं, मी रागावले. ऐकेनात. त्यांना दोघांनी उचलून मागच्या सीटवर बसवलं. आई दुसऱ्या कडेला, दाराला चिकटून बसली. मध्ये मला बसवलं. सूर्यभानने गाडी सुरू करायच्या आधी काही न बोलता आपल्या बाजूची काच खाली घेतली. मग महेंद्रने आपली घेतली. मी काही म्हटलं नाही, कारण मलाही वारा हवा होता. आईने हे सगळं पाहिलं.

मुख्य रस्त्याला लागलो. उसाच्या बैलगाड्या कारखान्याकडे चालल्या होत्या, सूर्यभान हॉर्न वाजवत त्यांच्यातून वाट काढत होता. एका गाडीला चुकवताना जीप खड्ड्यात आदळली, आईचा तोल जाऊन तोंडावरचा पदर सुटला आणि सगळा वास एकदम माझ्या अंगावर आला. मला राहवेना. मी सूर्यभानला थांबायला सांगितलं, आईला ओलांडून खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला ओकले. पोटच्या पोरीने, डॉक्टर पोरीने. चूळ भरून परत आले तोवर आई मधल्या जागेवर सरकली होती, मला वाऱ्याची बाजू मिळावी म्हणून. मला तिच्याकडे बघवेना.

आता ती पुन्हा आण्णांच्या शेजारी होती. अंग चोरून बसलेली. मग तिने पदराआडून, दातावर दात तसेच ठेवून, विचारलं:

"आवं, खरं सांगा. नाक चांगलं आसतं तर बसला आसता का माज्या शेजारी?"

महेंद्र पुढच्या सीटवर ताठ झाला. माझ्या मनात आलं, आण्णांनी आता तरी खोटं बोलावं. बोलतील, असंही वाटलं. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच दगडी, काही कळत नव्हतं. ओठ हलायलाच वेळ लागला.

"न्हाई," आण्णा म्हणाले.

आईने मान खाली घातली.

"शेजारी बसून काय करायचं हुतं?" ते एकेक शब्द ओढून काढत म्हणाले. "हाताला धरून कवाच दवाखान्यात नेली आसती तुला."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते, पण ती चिडल्यासारखीच दिसत होती.

"मंग आता धरा की," ती म्हणाली.

आण्णांनी तिचं मनगट धरलं. त्यांचा हात थांबत नव्हता, त्यामुळे तिचाही हात हलायला लागला, आणि नगर येईपर्यंत तिच्या काचेच्या बांगड्या वाजत राहिल्या.